केसपेपर कॉम्प्युटरवर जातोय, पण हॉस्पिटल तयार आहे का?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्या दवाखान्यात किंवा हॉस्पिटलात पेशंटचं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर गेलं असेल, जाणार असेल, तर नेमकं कुठं अडतंय ते कळवा. पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सॲपवर तर व्हॉइस मेसेजचा ढीग पडलाय, आणि त्यात सगळ्यात जास्त सिस्टर लोकांचे आहेत. मी स्वतः २२ वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली, त्यातली शेवटची ९ वर्षं कागदावरचं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर नेण्यात गेली, दोनदा काम बंद पडलं, तिसऱ्यांदा टिकलं. त्यामुळं खाली जे सांगतेय ते बघितलेलं आणि केलेलं आहे. सगळ्यांची पत्रं घेता आली नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, तालुक्याच्या गावी आमचं ३० बेडचं हॉस्पिटल आहे, मी आणि मिसेस दोघंही डॉक्टर. तीन कंपन्यांनी डेमो दिला, तिघंही म्हणतात महिन्याभरात सगळं पेपरलेस करून देतो. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? आणि आम्ही तयार आहोत की नाही हे कसं ओळखायचं?
— एक डॉक्टर, बुलढाणा जिल्हा

उत्तर : डॉक्टर, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर मिळालं की पहिला निम्मा सुटतो.

कोटेशनं बाजूला ठेवा आणि मागच्या महिन्यात डिस्चार्ज झालेल्या पेशंटच्या कुठल्याही २० फाईली काढायला सांगा. निवडून नाही, हाताला येतील त्या. मिसेसना सोबत घेऊन बसा आणि प्रत्येक फाईलमध्ये चार गोष्टी बघा: शेवटचं डायग्नोसिस लिहिलंय का, औषधाची ॲलर्जी विचारल्याची नोंद आहे का, तुमच्या राऊंडच्या नोटवर तारीख आणि वेळ आहे का, डिस्चार्ज कार्डावरची औषधं आणि आतल्या ट्रीटमेंट शीटवरची शेवटच्या दिवशीची औषधं जुळतात का. आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा २० पैकी ७ फाईलींत राऊंडची वेळच नव्हती आणि दोन फाईलींत डायग्नोसिसच्या जागी फक्त 'ताप' लिहिलेलं होतं. आता कागदावर जे लिहिलं जात नाहीये ते कॉम्प्युटर आला म्हणून कोण लिहिणार? तिथं तो रकाना रिकामा सोडला की सॉफ्टवेअर पुढं जाऊ देत नाही, मग माणसं काहीतरी टाकून मोकळी होतात आणि ते चुकीचं लिहिलेलं कायमचं छापलं जातं. म्हणून २० फाईलींचा निकाल वाईट आला तर तीन महिने कागदच सुधारा, कॉम्प्युटर थांबेल.

दुसरं काम, एका पेशंटमागं फिरा. म्हणजे खरंच वही-पेन घेऊन, केसपेपरच्या खिडकीपासून घरी जाईपर्यंत. त्याचं नाव किती ठिकाणी लिहिलं जातं ते मोजा, केसपेपर, ॲडमिशन रजिस्टर, वॉर्डचं रजिस्टर, लॅबची चिठ्ठी, लॅबचं रजिस्टर, एक्स-रे, मेडिकलचं बिल, ओटी रजिस्टर, बिलिंग. आमच्याकडं १४ वेळा निघालं. त्या १४ पैकी कॉम्प्युटर आल्यावर किती वेळा लिहावं लागणार नाही, हे व्हेंडरला विचारा. तो सांगू शकला तर त्याला कामाचं कळतं. "सगळं इंटिग्रेटेड आहे" एवढंच म्हणाला तर पुन्हा विचारा.

आणि तिसरं, रविवारी रात्री ९ वाजता ॲडमिशन आलं तर कोण टाईप करणार त्याचं नाव सांगा. पदाचं नको, माणसाचं नाव. हे सांगता येत नसेल तर तयारी झालेली नाही. संगणक, नेटवर्क, इन्व्हर्टर हे पैसे दिले की आठ दिवसांत येतं, पण लिहिणाऱ्याच्या हातात वेळ कुठून येणार आणि लिहिल्याचा त्याला स्वतःला काय उपयोग, या दोन गोष्टी बाजारात मिळत नाहीत. मी पाहिलेली जी दोन कामं बंद पडली ती दोन्ही इथंच पडली, मशीन चांगली होती.

आता खरेदी. पेपरलेस वगैरे एका महिन्यात करू नका. आधी रजिस्ट्रेशन आणि बिलिंग, ते महिना-दीड महिना घट्ट बसू द्या, मग लॅब, मग मेडिकल स्टोअर, आणि डॉक्टर-सिस्टरच्या नोट्स सगळ्यात शेवटी. लॅबला लवकर घ्यायचं कारण असं की रिपोर्ट स्क्रीनवर दिसायला लागला की वॉर्डबॉय मामांच्या लॅबला चकरा बंद होतात आणि वॉर्डला पहिल्यांदा वाटतं की याने आपलं काम वाचलं. हे वाटणं तुम्हाला पुढं फार कामाला येतं.

व्हेंडरला चार गोष्टी लेखी विचारा. उद्या तुम्हाला सोडून गेलो तर आमचा सगळा डेटा कुठल्या स्वरूपात परत द्याल, किती दिवसांत आणि किती पैसे घेऊन. केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची एम-१, एम-२, एम-३ यातली कुठली जोडणी पूर्ण आहे, म्हणजे आभा नंबर (पेशंटचा ओळख नंबर) बनवणं, रेकॉर्ड त्याला जोडणं आणि पेशंटच्या परवानगीने दुसरीकडचं रेकॉर्ड बघणं. आजारांची नावं कोडमध्ये साठवता का. यात आयसीडी-१० आणि स्नोमेड सीटी ही नावं ऐकायला मिळाली पाहिजेत, आणि स्नोमेडसाठी जादा पैसे मागितले तर देऊ नका, भारत स्नोमेड चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सभासद देश आहे त्यामुळं इथं ते फुकट वापरता येतं, त्याचं राष्ट्रीय केंद्र तर आपल्या पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे. चौथं, ट्रेनिंग किती तास आणि नवीन सिस्टर आली की परत देणार का. तुमच्याकडं स्टाफ वर्षात दोनदा बदलत असणार, त्यामुळं हा चौथा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

एक कायद्याचं पण लक्षात असू द्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड ३ वर्षं सांभाळायचं आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं हे आहेच, आणि त्याच नियमांत रेकॉर्ड कॉम्प्युटरवर न्यायचा प्रयत्न करावा असंही लिहिलंय. म्हणजे ही गोष्ट काल-परवाची नाही. आज कुणी फाईल मागितली तर ७२ तासांत तुमच्या हाताला लागते का, हे एकदा करून बघा, तीही तयारीचीच परीक्षा.

प्रश्न : मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आमच्याकडं कॉम्प्युटर आलाय पण एकही रजिस्टर बंद झालेलं नाही. ४० पेशंट, रात्रीला आम्ही दोघी. आधी रजिस्टरला लिहायचं, मग कॉम्प्युटरला टाकायचं, आणि एन्ट्री राहिली की मेमो. कुणाला सांगू? चिडचिड होते हो.
— एक सिस्टर, मराठवाडा

उत्तर : सिस्टर, तुमच्यासारखे ११ व्हॉइस मेसेज आलेत, आणि एका ताईंच्या मेसेजमध्ये मागं मॉनिटरचा आवाज येतोय, म्हणजे ड्युटीवरूनच बोलत होत्या.

तुमची चिडचिड बरोबर आहे आणि ती आळसाची नाहीये हे तुमच्या वरिष्ठांनी समजून घ्यायला हवं. मी एका रात्री मुद्दाम वॉर्डात बसून बघितलंय. सात नंबरच्या पेशंटचं बीपी सिस्टरने सव्वादोनला घेतलं, चार्ट दुसऱ्या खाटेवर राहिलेला म्हणून आकडा हातावर लिहिला, तेवढ्यात बारा नंबरच्या पेशंटला उलटी झाली, तिकडं पळाली, मग इंजेक्शनची वेळ, मग नवीन ॲडमिशन. चार्टवर तो आकडा साडेतीनला उतरला आणि कॉम्प्युटरमध्ये सकाळी पावणेसातला, हँडओव्हरच्या आधी, ४० पेशंटचे आकडे एका दमात टाकताना. स्क्रीनवर त्या बीपीची वेळ पडली सकाळी ६ वाजून ४८ मिनिटं. आता दिवसपाळीच्या डॉक्टरला वाटणार की हे आत्ताचं बीपी आहे. दोनदा लिहायला लावलं की सिस्टरचा वेळ जातो तो जातोच, वर रेकॉर्डही खोटं होतं, आणि यात खोटं कुणीच वागलेलं नसतं.

आफ्रिकेतल्या मलावी देशाचं उदाहरण मला नेहमी द्यावंसं वाटतं. आपल्यापेक्षा कितीतरी गरीब देश, डॉक्टर-नर्स अगदी थोड्या, वीज बेभरवशाची. तिथं बाओबाब हेल्थ नावाच्या संस्थेने एचआयव्हीच्या क्लिनिकसाठी टचस्क्रीनवर चालणारी सिस्टीम बसवली. की-बोर्ड नाही, एका स्क्रीनवर एकच प्रश्न, बोट लावायचं आणि पुढं जायचं, आणि मशीन कमी विजेवर आणि बॅटरीवर चालणारी. पण त्यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की पेशंट समोर असतानाच नोंद व्हायची आणि त्याला पुढं काय द्यायचं हे त्यांच्या राष्ट्रीय गाईडलाईनप्रमाणे स्क्रीनच सुचवायची. म्हणजे लिहिणाऱ्याला त्याच क्षणी काहीतरी परत मिळत होतं. नंतर बसून भरायचा हिशेब नव्हता.

तुम्ही काय करू शकता ते सांगते, कारण एकट्या सिस्टरने सिस्टीम बदलत नाही हे मलाही कळतं. वॉर्डातल्या सगळ्या रजिस्टरांची यादी करा, तीन-चार जणी मिळून. प्रत्येकापुढं लिहा की यातली माहिती कॉम्प्युटरमध्ये जाते का, आणि हे रजिस्टर कोण कधी तपासायला मागतं. आमच्या वॉर्डात २३ निघाली होती, आणि त्यातली ६ शेवटची कुणी कधी उघडली होती हे कुणालाच सांगता येईना. काही रजिस्टरं कायद्याने किंवा एखाद्या राष्ट्रीय कार्यक्रमाने लागतात, ती राहणार, त्यांना हात लावू नका. बाकीच्यांसाठी मेट्रनमार्फत मेडिकल सुपरिंटेंडंटना लेखी अर्ज द्या की अमुक रजिस्टर अमुक तारखेपासून बंद करायला परवानगी मिळावी, माहिती सिस्टीममधून प्रिंट काढून देऊ. 'काम जास्त आहे' असा अर्ज बाजूला पडतो, 'हे रजिस्टर या तारखेपासून बंद करावं का' याला हो किंवा नाही लिहावं लागतं. आमच्या तिसऱ्या वेळी जे टिकलं ते असंच टिकलं, दर पंधरा दिवसांनी एक रजिस्टर बंद, आणि त्याची तारीख आधीच नोटीस बोर्डवर.

आणि एक काळजीपोटी सांगते, तुमचं लॉगिन कुणाला देऊ नका. घाईत एकाच लॉगिनवर सगळी पाळी चालते, मी बघितलंय. उद्या एखादं औषध चुकलं तर स्क्रीनवर नाव तुमचं असतं, त्या वेळी तुम्ही घरी झोपलेल्या का असेना.

प्रश्न : आमच्याकडं लाईट रोज जाते, नेट तर विचारूच नका. अशा ठिकाणी हे सगळं शक्य तरी आहे का?
— ग्रामीण भागातल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलचे व्यवस्थापक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : शक्य आहे. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी नावाचं गाव आहे, तिथं जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था हॉस्पिटल चालवते, आदिवासी आणि गरीब पेशंट लांबून लांबून येतात. त्यांच्यासाठी थॉटवर्क्स कंपनीच्या मंडळींनी बाह्मनी नावाची सिस्टीम तयार केली. ती ओपन सोर्स आहे, लायसन्सचे पैसे नाहीत, आतमध्ये पेशंटच्या रेकॉर्डसाठी ओपनएमआरएस, लॅबसाठी ओपनएलिस आणि बिल-स्टॉकसाठी ओडू अशी तीन तयार सॉफ्टवेअर जोडलेली आहेत, आणि सर्व्हर हॉस्पिटलातच ठेवता येतो म्हणजे बाहेरचं नेट गेलं तरी आतलं काम चालू राहतं. फुकट म्हटलं तरी ती बसवायला आणि सांभाळायला जाणता माणूस पगारावर लागतो हे मात्र बजेटमध्ये धरा.

तुमच्यासाठी मुख्य प्रश्न लाईटपेक्षा वेगळा आहे. लाईट गेल्यावर काय करायचं हे लिहून भिंतीवर लावलंय का? मोठ्या ठिकाणीसुद्धा हे लागतं. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ ला सायबर हल्ला झाला, सर्व्हर बंद पडले आणि जवळपास दोन आठवडे ओपीडी, लॅब, बिलिंग सगळं हाताने चालवावं लागलं. तिथं माणसं भरपूर होती म्हणून निभावलं. तुमच्याकडं प्रत्येक वॉर्डात एक बंद पाकीट ठेवा, त्यात कोरे छापील फॉर्म, कार्बन आणि पेन. सिस्टीम बंद झाली की पाकीट फोडायचं, सुरू झाली की ते कागद कोण आणि किती तासांत भरणार त्याचं नाव पाकिटावरच लिहायचं. महिन्यातून एकदा मुद्दाम अर्धा तास सिस्टीम बंद करून सराव घ्या. बॅकअपची एक कॉपी हॉस्पिटलच्या इमारतीबाहेर आणि नेटवर्कला न जोडलेल्या डिस्कवर ठेवा, आणि ती उघडते का हे तीन महिन्यांनी उघडून बघा, कारण न उघडलेला बॅकअप आहे की नाही हे सांगता येत नाही. बॅटरीसुद्धा सर्व्हरसोबत नेटवर्कच्या स्विचलाही द्या, आमच्याकडं सर्व्हर चालू राहायचा आणि दीड हजाराचा स्विच बंद पडल्यामुळं अख्खा वॉर्ड थांबायचा.

प्रश्न : वडिलांना जिल्हा रुग्णालयात नेलं तर खिडकीवर म्हणाले आभा कार्ड काढा, आधार द्या, ओटीपी सांगा. घाईत सांगितला. आता भीती वाटतेय, वडिलांचे सगळे रिपोर्ट सरकारकडं गेले का? कोणी पण बघू शकतं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : घाबरू नका, पण तुम्हाला त्या खिडकीवर हे नीट सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही ही हॉस्पिटलची चूक, तुमची नाही.

आभा म्हणजे १४ आकडी नंबर, पेशंटची ओळख. २०२० च्या १५ ऑगस्टला ही योजना सहा केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर, तेव्हापासून तिला आयुष्मान भारत डिजिटल मिशन म्हणतात. यात सगळे रिपोर्ट एका मोठ्या कपाटात गोळा होत नाहीत. जिथं रिपोर्ट तयार झाला तिथंच तो राहतो आणि दुसऱ्या डॉक्टरला बघायचा असेल तर तुमच्या मोबाईलवर परवानगी मागितली जाते, किती दिवसांसाठी आणि कुठले कागद हे तुम्ही ठरवता, दिलेली परवानगी काढूनही घेता येते. आभा काढणं ऐच्छिक आहे. नंबर नाही म्हणून कुणी उपचार नाकारू शकत नाही, तसं कुणी म्हणालं तर तिथल्या मेडिकल सुपरिंटेंडंटकडं लेखी तक्रार करा. आणि आधार द्यायचं नसेल तर ड्रायव्हिंग लायसन्सवरूनही नोंदणी सुरू करता येते.

भीती वाटायची खरी जागा मात्र दुसरीच आहे, हॉस्पिटलच्या आतली. कागदाची फाईल कपाटात असते, ती बघायला माणसाला उठून जावं लागतं. कॉम्प्युटरवर कुठल्याही टेबलवरून कुणाचंही रेकॉर्ड उघडता येत असेल तर एचआयव्हीचा रिपोर्ट, मानसिक आजाराची औषधं, गर्भपाताची नोंद हे सगळं कँटीनपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. एचआयव्हीच्या माहितीसाठी आणि मानसिक आजाराच्या माहितीसाठी २०१७ चे दोन वेगवेगळे कायदे आहेत, गोपनीयता ठेवायलाच हवी, आणि २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा आलाय. म्हणून प्रत्येकाला त्याच्या कामापुरतंच दिसलं पाहिजे आणि कोणी काय उघडलं त्याची नोंद राहिली पाहिजे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या ईएचआर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या पेशंट रेकॉर्डच्या, मानकांत स्पष्ट म्हटलंय की माहिती पेशंटची, हॉस्पिटल ती फक्त विश्वासाने सांभाळतं. तुम्ही खिडकीवर विचारू शकता की आमची फाईल कोणी उघडली ते सांगता येईल का. उत्तर आलं नाही तरी विचारा, पाच-दहा जणांनी विचारलं की वरपर्यंत जातं.

प्रश्न : मी रेकॉर्ड रूमला १८ वर्षं क्लार्क आहे. साहेब म्हणतात जुन्या सगळ्या फाईली स्कॅन करून टाकू, एजन्सी येणार आहे. मग माझं काय? खरं सांगा.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दादा, खरं सांगते. सगळ्या फाईली स्कॅन करणं म्हणजे पैसे वाया. पंधरा वर्षांपूर्वी एकदा हार्नियाला येऊन गेलेला माणूस परत येईल तेव्हा त्याची फाईल काढून स्कॅन करा. पोलीस केसच्या फाईली, चालू कोर्टकेसच्या, कॅन्सर आणि डायलिसिसच्या, ज्यांना पुन्हा पुन्हा यावंच लागतं त्यांच्या, एवढ्या आधी घ्या. आणि स्कॅन केलेलं पान म्हणजे फोटो, त्यात शुगर किती होती हे कॉम्प्युटरला शोधता येत नाही, हे साहेबांना आधीच सांगून ठेवा.

आता तुमचं. तुमच्या डोक्यात जे आहे ते एजन्सीकडं नाही. एक उदाहरण देते. आमच्याकडं एका बाईंचे चार रेकॉर्ड नंबर निघाले. पहिल्यांदा माहेरच्या नावाने बाळंतपणाला आलेल्या, नंतर सासरच्या नावाने, एकदा सुनीता दीर्घ, एकदा सुनिता ऱ्हस्व, वय एकदा ३४ आणि दोन वर्षांनी ३०, मोबाईल एकदा नवऱ्याचा आणि एकदा भावाचा. चौथा नंबर तर गावाच्या नावामुळं, खुर्द आणि बुद्रुक. त्यांना पेनिसिलिनची रिॲक्शन आलेली पहिल्या फाईलमध्ये लाल शाईने लिहिलेली होती आणि बाकीच्या तीनमध्ये नव्हती. चारही फाईली एकाच बाईंच्या आहेत हे सॉफ्टवेअरने ओळखलं नाही, ओळखलं आमच्या रेकॉर्ड रूममधल्या एका काकांनी, कारण त्यांना ते घर माहीत होतं. हे काम आता सगळ्यात मोठं होणार आहे, दुहेरी नंबर शोधून एकत्र करणं. कॉम्प्युटरवर एकाचे चार व्हायला एक मिनिट लागतं आणि चाराचे एक करायला जाणता माणूस लागतो, त्यात चूक झाली तर दोन वेगळ्या पेशंटची फाईल एक होते आणि ते तर अजून भयंकर.

साहेबांकडं दोन गोष्टी मागा. आयसीडी-१० कोडिंगचं ट्रेनिंग, कारण आजाराला कोड लावायला लोक लागणारच आहेत आणि महात्मा फुले योजनेचे, इन्शुरन्सचे क्लेम त्यावर अडतात. आणि रजिस्ट्रेशनच्या खिडकीवर नवीन नंबर देण्याआधी कसं शोधायचं त्याचे नियम ठरवायच्या बैठकीत खुर्ची. नावाच्या आधी मोबाईल, मग गाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, असा क्रम तुमच्याइतका चांगला कुणी सांगू शकणार नाही.

प्रश्न : मी अमेरिकेत हॉस्पिटल आयटीमध्ये काम करते, माहेर नाशिकचं. इथं सगळं केव्हाच कॉम्प्युटरवर झालंय. भारतात तेच का घेत नाहीत?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तिथं ते आपोआप झालेलं नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. २००९ च्या 'हायटेक' नावाच्या कायद्याने तिथल्या सरकारने डॉक्टर-हॉस्पिटलांना पैसे दिले तेव्हा वेग आला, आणि ती सॉफ्टवेअर बिलाच्या गरजेभोवती वाढली, म्हणून तिथले डॉक्टर संध्याकाळी घरी बसून नोट्स पूर्ण करतात आणि वैतागतात. आपल्या ओपीडीत एका पेशंटला दोन-तीन मिनिटं मिळतात, तिथं तेवढे क्लिक बसणारच नाहीत.

आपण शिकायचं तर केनियाकडून. एल्डोरेटजवळच्या मोसोरियट या खेड्यातल्या आरोग्य केंद्रात २००१ मध्ये इंडियाना आणि मोई या दोन विद्यापीठांच्या लोकांनी साधी सिस्टीम सुरू केली, आणि पुढं २००४ पासून ओपनएमआरएस उभं राहिलं ते याच कामातून. एचआयव्ही क्लिनिकमध्ये डॉक्टर, नर्स कागदावरच्या ठरावीक फॉर्मवर लिहायचे, क्लार्क नंतर भरायचा, आणि पुढच्या वेळी पेशंट यायच्या आधी कॉम्प्युटर एका पानाचा सारांश छापून फाईलला लावायचा, त्यात 'याची सीडी-४ तपासणी (प्रतिकारशक्ती किती उरलीय ते बघायची रक्ततपासणी) राहिलीय' असं लिहून यायचं. त्या आठवणीमुळं ती तपासणी सांगण्याचं प्रमाण वाढलं हे त्यांनी मोजून दाखवलं. म्हणजे कागद ठेवूनही करता येतं, लिहिलेलं एका पानात परत आलं तर. तू इतक्या वर्षांच्या अनुभवाने सुट्टीत आलीस की नाशिकच्या एखाद्या ट्रस्ट हॉस्पिटलला दोन दिवस दे, डेटा कसा बाहेर काढून घ्यायचा आणि करारात काय लिहून घ्यायचं एवढं जरी सांगितलंस तरी त्यांचे लाखो रुपये वाचतील.

प्रश्न : वय ७१, एकट्याचा दवाखाना, ४४ वर्षं झाली. सगळे पेशंट वहीत आहेत आणि डोक्यात आहेत. मुलगा म्हणतो कॉम्प्युटर घ्या. आता या वयात करू का?
— एक डॉक्टर, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : डॉक्टरसाहेब, करा, पण सगळं नको. तुमच्या डोक्यात जे आहे ते तुमच्यानंतर त्या गावात कुणाकडं नसेल, आणि त्यासाठीच करा. सर्दी-तापाचे पेशंट वहीतच राहू देत. बीपी आणि डायबिटीसचे जे कायमचे आहेत तेवढेच घ्या, दीडशे-दोनशे निघतील. प्रत्येकाच्या सहा गोष्टी: नाव, मोबाईल, कधीपासून आहे, चालू औषधं डोससकट, कशाची ॲलर्जी, आणि घरात कुणाला काय आहे. टायपिंग जमत नसेल तर मोबाईलवर मराठीत बोलून लिहिता येतं, औषधाचं नाव आणि डोस मात्र स्वतः डोळ्यांनी तपासा, तिथं ते ऐकण्यात चुकतं. रोज दुपारी दवाखाना बंद केल्यावर पाच पेशंट, मुलगा किंवा कंपाउंडर शेजारी बसवून, आणि झालं की त्याची एक प्रिंट त्या पेशंटला पुढच्या खेपेला हातात द्या. तो मुंबईला मुलाकडं गेला आणि तिथं रात्री ॲडमिट झाला तर तेच पान तिथल्या डॉक्टरच्या हातात जाईल.